गाडीचा ईसीयू घरी शिकताना: कोड वाचण्यापासून रेमॅपपर्यंत

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, 'ऑक्सिजन सेन्सरचा कोड आहे' असं सांगितलं जातं, सेन्सर बदलला जातो, काही हजारांचं बिल होतं आणि पंधरा दिवसांत दिवा परत लागतो. यात स्कॅनर खोटं बोललेला नसतो. ईसीयूने दिलेला कोड वाचला गेला, पण त्याचा अर्थ लावायचा राहिला. हा अर्थ लावणं घरच्या घरी, स्वतःच्या गाडीवर, थोड्या पैशांत शिकता येतं. पुढे ईसीयूमध्ये बदल लिहिणंही शिकता येतं. मात्र वाचणं आणि लिहिणं या दोन कामांत मोठं अंतर आहे, आणि हौशी माणसाचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा हे अंतर न ओळखल्यामुळे.

ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. त्याला तापमान कळत नाही, हवा कळत नाही, पेट्रोल तर नाहीच. त्याला फक्त व्होल्टेज कळतं. सेन्सर त्याला सहसा शून्य ते पाच व्होल्टच्या मधला काहीतरी आकडा देतात, तो स्वतःकडच्या तक्त्यांत त्याचा अर्थ शोधतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा, ठिणगी कधी टाकायची हे ठरवतो. आजच्या गाडीत असे कॉम्प्युटर अनेक असतात: इंजिनाचा, एबीएसचा, एअरबॅगचा, दरवाजे-दिव्यांचा. ते एकमेकांशी कॅन नावाच्या दोन वायरींच्या जोडीवरून बोलतात. बॉश कंपनीने हे तंत्र १९८६ मध्ये जगापुढे मांडलं. कॅनची पद्धत एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखी आहे: आवाज सगळ्यांना ऐकू जातो, ज्याची गाडी असेल तो उठतो.

या जाळ्यात डोकावण्याची खिडकी म्हणजे स्टिअरिंगखालचं १६ पिनांचं सॉकेट, ओबीडी पोर्ट. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते प्रत्येक कारला सक्तीचं झालं, कारण सरकारला धुरावर लक्ष ठेवायचं होतं. गाडी प्रदूषण वाढवू लागली की तिने स्वतःच ओरडावं, आणि कोणत्याही कंपनीची गाडी एकाच प्रकारच्या यंत्राने तपासता यावी, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे बीएस-४ च्या काळात हे टप्प्याटप्प्याने आलं; एप्रिल २०१३ पासूनच्या कारमध्ये ओबीडी-२, म्हणजे याच पद्धतीची दुसरी पिढी, असते. बीएस-६ आल्यावर दुचाकीही यात आल्या. अनेक बाइकच्या सीटखाली ६ पिनांचा लाल कपलर असतो, त्याला १६ पिनांत बदलणारी केबल बाजारात सहज मिळते.

काय विकत घ्यायचं

दोनच वस्तू. पहिली, ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखं एखादं ॲप. ईएलएम३२७ ही मुळात एका कॅनेडियन कंपनीची चिप, पण स्वस्तात मिळतात त्या जवळजवळ सगळ्या नकला. वाचायला त्या चालतात, काही आज्ञा मात्र त्यांना कळत नाहीत. त्यांच्यावरून ईसीयूमध्ये काहीही लिहू नये. दुसरी वस्तू साधा डिजिटल मल्टिमीटर. माझ्या मते दोन्हींत तोच जास्त महत्त्वाचा, कारण स्कॅनर सांगतो ते ईसीयूचं मत असतं आणि मल्टिमीटर सांगतो ती वायरमधली वस्तुस्थिती.

सॉकेटमधल्या काही पिना पाठ करून ठेवा: १६ वर बॅटरीचा प्लस, ४ आणि ५ वर अर्थ, ६ आणि १४ वर कॅनच्या दोन वायरी, ७ वर जुन्या गाड्यांची के-लाइन, म्हणजे कॅनच्या आधीची तपासणीची एकेरी वायर. स्कॅनर चालूच होत नसेल तर आधी १६ आणि ४ मध्ये १२ व्होल्ट येतायत का ते बघा. पुष्कळदा फ्यूज उडालेला असतो, आणि बऱ्याच गाड्यांत तोच फ्यूज मोबाइल चार्जरच्या सॉकेटचाही असतो.

कोडची रचना सोपी आहे. पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, सी असेल तर ब्रेक-सस्पेन्शन, बी असेल तर बॉडी, यू असेल तर कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. पुढचा आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. पी-०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग करतोय, पी-०४२० म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा संशय, यू-०१०० म्हणजे इंजिनाच्या ईसीयूशी संपर्क तुटला. कोडसोबत 'फ्रीझ फ्रेम' साठवलेली असते: दोष सापडला त्या क्षणी आरपीएम किती होते, पाणी किती तापलं होतं, इंजिनावर लोड किती होता. ती आधी लिहून घ्या. कोड पुसण्याची आज्ञा दिली की फ्रीझ फ्रेमही जाते आणि ईसीयूने स्वतःवर घेतलेल्या चाचण्यांचे निकालही शून्यावर येतात. दिवा विझवण्याच्या घाईत पुरावा नष्ट होतो, म्हणून पुसणं सगळ्यात शेवटी.

आकडे स्वतः उलगडा

ॲप सगळं तयार करून दाखवतं, पण एकदा तरी ब्लूटूथ टर्मिनलचं ॲप घेऊन ईसीयूशी थेट बोला. '०१०सी' (इंग्रजीत 010C) असं टाइप करा. इंजिन चालू असेल तर '४१ ०सी १ए एफ८' असं काहीतरी उत्तर येईल. ४१ ०सी म्हणजे तुमच्या प्रश्नाची पोच. उरलेले दोन आकडे सोळाच्या पायावर लिहिलेले आहेत: १ए म्हणजे २६, एफ८ म्हणजे २४८. पहिल्याला २५६ ने गुणा, दुसरा मिळवा, ४ ने भागा: १७२६. हे तुमचे आरपीएम. '०१०५' विचारलं तर पाण्याचं तापमान येतं. आलेल्या आकड्यातून ४० वजा करायचे. ७बी आलं तर १२३ वजा ४०, म्हणजे ८३ अंश.

आता हा ४० का वजा करायचा, हे एका प्रयोगातून पक्कं होतं, आणि मला हा प्रयोग सगळ्या शिक्षणाचा पाया वाटतो. इंजिन पूर्ण थंड असताना, चावी बंद ठेवून, पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचा कपलर काढा. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. बहुतेक गाड्यांत ॲपवर तापमान उणे ४० दिसेल, पी-०११८ हा कोड येईल आणि अनेकदा रेडिएटरचा पंखा आपोआप फिरू लागेल. काय झालं? सेन्सर म्हणजे तापमान वाढलं की रोध कमी होणारा एक रेझिस्टर. सर्वसाधारण सेन्सरचा रोध २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास उतरतो. ईसीयू त्याला आपल्या आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट देतो आणि मधल्या बिंदूचं व्होल्टेज बघतो. कपलर काढला की तिथे पूर्ण ५ व्होल्ट राहतात, तक्त्यात त्याचा अर्थ जास्तीत जास्त थंडी, म्हणून येणारा आकडा शून्य, आणि शून्य वजा ४० म्हणजे उणे ४०. पुण्यात मे महिन्यात उणे ४० शक्य नाही हे ईसीयूलाही कळतं, म्हणून तो कोड टाकतो आणि खबरदारी म्हणून पंखा लावतो.

आता चावी बंद करून कपलरच्या दोन पिनांत २.२ किलोओहमचा साधा रेझिस्टर लावा आणि परत चावी ऑन करा. ईसीयू सांगेल की पाणी पंचवीस अंशांच्या जवळपास आहे. पाण्याचा इथे काही संबंधच उरलेला नाही. याचाच अर्थ, सेन्सरचा कोड म्हणजे सेन्सर, त्याची वायर, कपलरमधला गंज, अर्थ किंवा ईसीयूची पिन यांपैकी कुठेतरी गडबड, एवढाच. वीस पैशांचा रेझिस्टर लावून आकडा बरोबर बदलला तर वायरिंग आणि ईसीयू ठीक आहेत, सेन्सर बदलायला हरकत नाही. आकडा हललाच नाही तर नवा सेन्सर आणून उपयोग नाही.

मॅप सेन्सर तपासायला तर काही काढावंही लागत नाही. तो इनटेकमधला, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या नळीतला, दाब मोजतो, आणि इंजिन बंद असताना तिथे बाहेरच्या हवेचाच दाब असतो. चावी ऑन करून '०१०बी' विचारा. मुंबईत सुमारे १०० किलोपास्कल यायला हवेत, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. मुंबईत उभ्या गाडीने ८० दाखवले तर दोष सापडला.

'लीन' कोड आणि आपल्या सीएनजी गाड्या

सुरुवातीच्या गोष्टीतला ऑक्सिजन सेन्सर बहुधा पी-०१७१ या कोडमुळे बदलला जातो. कोड म्हणतो: मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. हे सांगणारा ऑक्सिजन सेन्सर असतो, म्हणून बळी त्याचाच जातो. खरं तर तो आपलं काम चोख करत असण्याचीच शक्यता अधिक.

पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा हे प्रमाण ईसीयूला राखायचं असतं. सायलेन्सरच्या पाइपातला सेन्सर 'हवा जास्त झाली' म्हणाला की तो पेट्रोल वाढवतो. ही वाढ किंवा घट टक्क्यांत दिसते, तिला फ्यूएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे मुरलेली सवय. दोन्हींची बेरीज उणे दहा ते अधिक दहाच्या आत असेल तर काळजी नाही. ती पंचविशीकडे गेली की बहुतेक गाड्या कोड टाकतात.

आता ट्रिम दोन स्थितींत बघा: आयडलला, आणि २५०० आरपीएमला. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत आयडलला ट्रिम खूप वर आणि रेस दिल्यावर जवळजवळ ठीक, असं असेल तर कुठेतरी होज फाटून चोरून हवा आत येतेय. आयडलला एकूण हवा थोडी असते म्हणून चोरीचा वाटा मोठा ठरतो, रेस दिली की तोच वाटा नगण्य होतो. उलट, चढावर किंवा रेस दिल्यावर ट्रिम वाढत गेली तर पेट्रोल कमी पडतंय: पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर. पण मारुतीच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसतो, मॅप सेन्सर असतो. तिथे चोरीची हवा दाबात मोजली जाते, ईसीयू त्या मापाने पेट्रोल देतो, आणि ट्रिम फारशी न हलता आयडल मात्र वर राहतं. परदेशी व्हिडिओ बघून आपल्या गाडीचं निदान करणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. शिवाय ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण ठीक असूनही लीन दिसतं.

बाहेरून सीएनजीचं सिक्वेन्शियल किट बसवलेल्या गाड्यांचं प्रकरण आणखी वेगळं, आणि मुंबई-पुण्यात अशा गाड्या भरपूर. अशा किटचा वेगळा ईसीयू असतो. पेट्रोलचा ईसीयू इंजेक्टरला जी वेळ सांगतो ती हा मध्येच अडवतो, गॅसचा दाब आणि तापमान बघून एका गुणकाने वाढवतो आणि गॅसच्या इंजेक्टरला देतो. पेट्रोलच्या ईसीयूला पत्ताच नसतो की आपण गॅसवर चालतोय. गॅसला हवा लागते साधारण १७ पट, त्याचा मॅप (गुणकांचा तक्ता) नीट बसवला नसेल तर पेट्रोलचा ईसीयू ट्रिममध्ये भलतीच दुरुस्ती मुरवून ठेवतो. मग गाडी पेट्रोलवर टाकली की मिसिंग, किंवा पी-०१७१, किंवा उलटा पी-०१७२, म्हणजे पेट्रोल जास्त.

तपासायची रीत अशी: गाडी पूर्ण गरम करून पेट्रोलवर ट्रिम टिपून घ्या, मग त्याच आरपीएमला, त्याच लोडला गॅसवर टिपा. दोन्ही आकडे जवळ असले पाहिजेत. गॅसवर ट्रिम वर चढत असेल तर त्या भागातला गुणक कमी पडतोय. किटवाल्याकडे केबल आणि सॉफ्टवेअर असतं. तुमचे टिपलेले आकडे घेऊन गेलात तर तो पंधरा मिनिटांत मॅप दुरुस्त करू शकतो. ॲव्हरेजही यानेच सुधारतं. गॅसच्या नळ्या, रेग्युलेटर, टाकी यांना मात्र घरी हात लावायचा नाही.

लिहिणं

लिहिण्याचेही थर आहेत. सगळ्यात वरचा थर म्हणजे ईसीयूला नवीन भागाची ओळख करून देणं. कॉमन रेल डिझेलच्या इंजेक्टरवर अक्षर-अंकांचा एक कोड छापलेला असतो. कारखान्यात तो इंजेक्टर प्रत्यक्ष किती डिझेल सोडतो हे मोजून तो कोड ठरतो, आणि इंजेक्टर बदलल्यावर तो ईसीयूमध्ये लिहावा लागतो. अनेक ठिकाणी हे केलंच जात नाही, मग नव्या इंजेक्टरनंतरही इंजिन खडखडतं. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावरचं रीलर्निंग याच थरातलं. फोर्डसाठी फोरस्कॅन, फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएस ही सॉफ्टवेअरं यासाठी उत्तम. बदलण्याआधी जुनी किंमत लिहून ठेवायची.

खालचा थर रेमॅपचा. ईसीयूच्या स्मृतीत ढोबळमानाने तीन भाग असतात: सुरू होण्याचा बूट भाग, मुख्य प्रोग्रॅम, आणि तक्ते. रेमॅप करणारे शक्यतो प्रोग्रॅमला हात लावत नाहीत, तक्ते बदलतात. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड, आणि प्रत्येक चौकोनात ठिणगीचा ॲडव्हान्स किंवा डिझेलचं प्रमाण. ओबीडीमधून हे करताना ठरलेला क्रम असतो. टूल आधी ईसीयूला प्रोग्रॅमिंगच्या सत्रात नेतं. मग ईसीयू एक यादृच्छिक आकडा देतो, त्यावर गुप्त गणित करून बरोबर उत्तर द्यावं लागतं. उत्तर काही वेळा चुकलं तर तो ठरावीक वेळ दारच बंद करतो. मग जुना भाग पुसला जातो, नवा तुकड्यातुकड्याने पाठवला जातो, बेरीज पडताळली जाते आणि ईसीयू पुन्हा सुरू होतो.

धोका आहे तो पुसणं आणि लिहून पूर्ण होणं यांच्या मधल्या मिनिटांत. त्यात बॅटरी ढेपाळली, ब्लूटूथ तुटलं, लॅपटॉप झोपला तर ईसीयूत अर्धवट प्रोग्रॅम राहतो आणि गाडी जागेवरून हलत नाही. मग ईसीयू काढून, काही वेळा उघडून, बूट मोडमधून जिवंत करावा लागतो. म्हणून लिहिताना साडेतेरा व्होल्टच्या आसपासचा स्थिर वीजपुरवठा, केबलवालं दर्जेदार टूल आणि मूळ फाइलची प्रत या तीन गोष्टींशिवाय सुरुवातच करू नये.

'इंजिन तेच आहे, कंपनीने सॉफ्टवेअरने आवळून ठेवलंय' हा समजही तपासून घ्या. पूर्वी पुण्याजवळ रांजणगावलाही बनत असलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट हे डिझेल इंजिन घ्या. स्विफ्टमध्ये ते ७५ अश्वशक्तीचं होतं आणि मारुतीच्याच एसएक्स४ मध्ये ९० चं. दोन्हींत फरक फक्त फाइलचा नव्हता. ९० वाल्यात बदलत्या भूमितीचा टर्बो होता. छोट्या टर्बोच्या गाडीत ९० ची स्वप्नं लिहिली तर टर्बो आणि क्लच त्याची किंमत मोजतात.

पिकअपच्या नावाखाली ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी झडप) बंद करणं, डीपीएफ (काजळी गाळणारा फिल्टर) काढून त्याचे कोड दाबून टाकणं हेही सर्रास विकलं जातं. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. सॉफ्टवेअरने धूर लपवला की काय होतं ते सप्टेंबर २०१५ मध्ये जगाने पाहिलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या चाचणी ओळखून तेवढ्यापुरत्या स्वच्छ वागत होत्या. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर निघालं. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या तपासणीनंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्याचं कंपनीने जाहीर केलं. तेच काम आपण गल्लीत करून घ्यायचं आणि मागच्या स्कूटरवरच्या पोराच्या छातीत तो धूर सोडायचा, याला हौस म्हणता येत नाही. कायद्याच्या नजरेतही ते चालत नाही: मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. वॉरंटी आणि विम्याचा प्रश्न आणखी वेगळा.

एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांत मल्टिमीटरची टोकं घालायची नाहीत, कारण मीटरचा किरकोळ प्रवाहही एअरबॅग फोडू शकतो. इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबलींपासून लांब राहायचं, तिथे शेकडो व्होल्ट असतात. आणि नवीन गाड्यांत बाहेरून पाठवलेल्या बऱ्याच आज्ञा गेटवे, म्हणजे ओबीडी पोर्ट आणि आतलं जाळं यांच्यामधला राखणदार कॉम्प्युटर, अडवतो. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी धावत्या जीप चेरोकीचा ताबा दुरून मिळवून दाखवला, कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि तेव्हापासून कंपन्या दारं बंद करू लागल्या. ही अडवणूक हौशी माणसाला जाचक वाटली तरी तिच्यामागे खरं कारण आहे.

मग लिहायचं शिकायचं कुठे?

टेबलावर. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कॅनची सोय थेट कर्नलमध्येच, म्हणजे तिच्या गाभ्यातच आहे. आयसीसिम नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवला की स्क्रीनवर खोटा स्पीडोमीटर येतो आणि कोणता संदेश बदलला की काटा हलतो हे शोधण्याचा सराव गाडीशिवाय होतो. स्वतःचे तक्ते भरून इंजिन कसं चालतं ते समजून घ्यायचं तर स्पीडुइनो आहे, अर्डुइनो मेगा या छोट्या सर्किट बोर्डवर चालणारा खुला ईसीयू. जुन्या स्कूटरच्या किंवा बंद पडलेल्या कारच्या इंजिनावर लोक तो बसवतात.

आणि खऱ्या ईसीयूसाठी भंगारबाजार. कुर्ल्यासारख्या ठिकाणी तुमच्याच मॉडेलचा जुना ईसीयू नव्याच्या तुलनेत फार स्वस्तात मिळतो. कपलर आणि वीतभर वायरिंगसकट मागा, नाहीतर पिना जुळवण्यात जीव जातो. त्या मॉडेलच्या वायरिंगच्या नकाशातून कायमचा प्लस, चावीचा प्लस, अर्थ आणि कॅनच्या दोन वायरी शोधा. १२ व्होल्टचा पुरवठा घ्या, तोही करंटची मर्यादा एक-दीड अँपिअरवर ठेवता येणारा, म्हणजे वायर चुकली तरी धूर निघणार नाही. कॅनच्या दोन वायरींमध्ये मीटर लावा. धडधाकट गाडीत, बॅटरी काढून, ६ आणि १४ या पिनांमध्ये ६० ओहम येतात, कारण दोन्ही टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर समांतर असतात. टेबलावर एकटा ईसीयू असल्यामुळे बहुधा १२० दिसतील, दुसरा १२० चा रेझिस्टर तुम्ही जोडायचा.

स्कॅनरला उत्तर मिळालं की ढीगभर कोड येतील, कारण एकही सेन्सर जोडलेला नाही. घाबरू नका. पूर्ण फाइल वाचा, वेगळ्या नावाने परत एकदा वाचा आणि दोन्ही फाइली बाइटगणिक जुळवून बघा. जुळल्या नाहीत तर केबल किंवा पुरवठा बदला आणि पुन्हा वाचा. जुळल्या की तीच मूळ फाइल, एकही आकडा न बदलता, परत लिहा. ती लिहून झाल्यावर ईसीयू पुन्हा उत्तर देऊ लागला, की मग एखाद्या तक्त्यातला एकच चौकोन बदलून बघायचा.